उपटण्याआधी

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पेन्शन सुरू झाल्यापासून माझ्याकडे चणे भरपूर आहेत. दातांचं मात्र गेल्या वर्षी अवघड झालं.

खालची डावी दाढ. दहा-बारा वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनल झालेलं. तिच्याजवळ हिरडीवर पुटकुळी यायची, फुटायची, पुन्हा यायची. इथल्या डॉक्टरांनी एक्सरे पाहिला आणि म्हणाले, "सर, मूळ चिरलंय. काढून टाकू. या वयात कशाला ठेवायची?"

मंडळी, मला राग आला तो 'या वयात'चा. शहात्तर वर्षांच्या माणसाला भाकरी चावायची नसते का?

मुलगी छत्रपती संभाजीनगरला असते. तिनं तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवायला बोलावलं. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एसटीचं तिकीट नाही. गेवराईहून बसलो आणि गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं कागदावर दाढेचं चित्र काढून सगळं समजावलं. जन्मभर मी फळ्यावर जे केलं तेच ती करत होती, म्हणून विश्वास बसला. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात, त्यातलं माझं एकच चिरलेलं. मग दाढ मधोमध कापून चिरलेल्या मुळासकट अर्धी काढली आणि उरलेल्या अर्ध्या भागावर टोपी बसवली. चार खेपा झाल्या. आज त्या अर्ध्या दाढेनं शेंगदाणे खातो.

तिच्याकडून बरंच शिकलो. मार लागून मूळ आडवं मोडलं, तर तो दात तारेनं शेजारच्या दातांना साधारण चार आठवडे बांधून ठेवतात आणि पुष्कळदा तो टिकतो. उभी चीर वाईट. तिच्यातून जंतू आत जातात आणि भोवतालचं हाड झिजतं, म्हणून अंगावर काढू नये. एकाच मुळाचा दात उभा चिरला तर बहुतेक वेळा तो काढावाच लागतो. तरी काही ठिकाणी तो हळूच बाहेर काढतात, चीर साफ करून खास सिमेंटनं बुजवतात आणि काही मिनिटांत पुन्हा त्याच जागी बसवतात. तेवढा वेळ दात ओला ठेवायचा, कारण मुळावरचे जिवंत तंतू सुकले तर तो हिरडीत रुजत नाही. जपानी डॉक्टरांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. दर वेळी यश येतंच असं नाही, हेही तिनं स्पष्ट सांगितलं.

आता माझा मुद्दा. 'काढून टाका' हे शब्द आपल्या बीड जिल्ह्यानं फार ऐकलेत. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं दिवाळीनंतर कोयत्यामागे जायची. या बायका म्हणजे त्यांच्याच आया आणि बहिणी. कुठे दाढ आणि कुठे गर्भपिशवी, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण दोन्हीकडचं गणित एकच आहे. दुरुस्तीला वेळ लागतो, खेपा लागतात, आणि ज्याला एका दिवसाचा खाडा परवडत नाही त्याला कायमचं काढून टाकणंच स्वस्त पडतं.

मला पेन्शन आहे, शहरात मुलगी आहे, हातात मोकळा वेळ आहे. म्हणून माझी अर्धी दाढ वाचली. मजुराची वाचली नसती. डॉक्टरांवर माझा राग नाही, कधी कधी काढणंच योग्य असतं. पण वाचवायचा उपाय आहे का, एवढं रोग्याला सांगायला हवं, आणि तो उपाय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळायला हवा.

तोवर आपण एवढं करू या. दात असो की आणखी काही, काढण्याआधी एक प्रश्न विचारायचा: "डॉक्टर, तुमच्या आईचं असतं तर काय केलं असतं?"

असो. तुमचे अनुभव जरूर कळवा.