जिप्समच्या आधी चर

पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात 'ऊसर' म्हणून सोडून दिलेल्या लाखो हेक्टरांवर आज भात आणि गहू उभा राहतो, हे स्वतंत्र भारताच्या कृषिविज्ञानाचे एक मोठे, पण फारसे न गायिले गेलेले यश आहे. १९६९ साली कर्नाल येथे केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तिने घालून दिलेली पद्धत साधी होती. आधी बांधबंदिस्ती व सपाटीकरण, नंतर हेक्टरी १० ते १५ टन जिप्सम वरच्या थरात मिसळणे, मग पाणी साचवणे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जाते. साचलेले पाणी भाताला मानवते, म्हणून पहिले पीक भाताचे, मागून गहू. राजस्थानातील जिप्सम सवलतीत पोहोचवण्यासाठी राज्यांनी महामंडळे उभारली. सुमारे २० लाख हेक्टर जमीन अशा रीतीने पुन्हा पिकाखाली आली.

महाराष्ट्रातही सुमारे ६ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. मग येथे तसे यश का दिसत नाही? येथील शेतकरी आळशी नाही. खर्चही तो करतो. पण बहुधा चुकीच्या क्रमाने. चोपण जमिनीचे दुखणे सोडियमचे असते, तेथे जिप्सम हेच औषध. खारवट जमिनीत मात्र विद्राव्य क्षार साचलेले असतात. ते धुऊन बाहेर काढावे लागतात, जिप्समच्या पोत्यांनी ते हलत नाहीत. माती न तपासता पोती ओतणे म्हणजे नाडी न पाहता मात्रा देणे होय. शिवाय आपली काळी चिकण माती पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. निचरा नसेल तर सुटलेले सोडियम मुळांपाशीच राहते, आणि उन्हाळ्यात पांढरा थर पुन्हा वर येतो.

ही गोष्ट नवी नाही. नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी १९१० सालीच सविस्तर अहवाल लिहिला होता. कालव्याचे पाणी येऊन तेव्हा पाव शतकच लोटले होते. त्यानंतर कृष्णा-वारणेकाठी उसाला अमर्याद पाणी देताना तो अहवाल कोणाला आठवला?

निचऱ्याचे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नसते. एकाचा चर शेजाऱ्याच्या बांधाशी अडला की सगळे मुसळ केरात. शिरोळ परिसरात शेतकऱ्यांनी गट करून, साखर कारखान्याच्या साहाय्याने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरल्या, तेव्हा पडीक शिवारे पुन्हा हिरवी झाली. ताग-धैंचा गाडणे, मळी घालणे, क्षार सोसणारे गव्हाचे वाण पेरणे, या गोष्टी त्यानंतरच्या. जिप्समवर अनुदान देणाऱ्या शासनाने आधी एवढे सांगावे, की गावाबाहेरचा बुजलेला ओढा कोण उपसणार आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यावर पडणार.