मार्गदर्शन एका दिवसाचे नको, दोन वर्षांचे हवे

शाळेचा वर्धापनदिन आला की माजी विद्यार्थी दूरदूरच्या गावांहून येतात. कोणी बँकेत अधिकारी असतो, कोणी परिचारिका, कोणी अभियंता, कोणी तहसील कचेरीत लिपिक. व्यासपीठावर त्यांचा सत्कार होतो, ते आपल्या संघर्षाची कहाणी सांगतात, समोर बसलेली मुले टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळच्या गाडीने पाहुणे परततात. या भेटीचे मोल आम्ही कमी मानत नाही. आपल्याच वसतिगृहात राहिलेली व्यक्ती एवढी पुढे गेली, हे डोळ्यांनी पाहणे मुलांना बळ देते. परंतु त्या बळाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने तो माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव या सर्वांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दांविषयी. आपल्याकडे 'कोचिंग' म्हटले की फी भरून लावायचा क्लास डोळ्यांसमोर येतो. या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. हंगेरीतील कोच नावाच्या गावी बनणाऱ्या घोडागाडीवरून तो युरोपभर गेला आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला विनोदाने 'कोच' म्हणू लागले. आज उद्योगजगतातील अभ्यासक कोचिंग म्हणतात ते निराळे आहे. समोरच्याने स्वतः ठरवलेले उद्दिष्ट गाठावे म्हणून त्याला योग्य प्रश्न विचारणे, ठराविक काळाने त्याची प्रगती पाहणे, असे ते काम आहे. 'मेंटॉर' हा शब्द होमरच्या महाकाव्यातील एका पात्राच्या नावावरून आला. अनुभवी माणसाने नवख्याला दीर्घकाळ दिलेली साथ, असा त्याचा अर्थ. मराठीत 'मार्गदर्शक' म्हणावे तर तासाभराचे भाषण करणाराही मार्गदर्शकच ठरतो. बौद्ध परंपरेत मात्र यासाठी नेमका शब्द आहे, तो म्हणजे कल्याणमित्र. या लेखात आम्ही तोच वापरतो.

कल्याणमित्राचा उपयोग खरोखर होतो काय, हे गेल्या काही दशकांत संशोधकांनी तपासून पाहिले आहे. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही जुनी संस्था एका मुलाशी एका प्रौढ स्वयंसेवकाची जोडी लावून देते. तिच्या कामाचा एक मोठा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. आठ शहरांतील १० ते १६ वयोगटातील ९५९ मुले त्यात होती. काहींना लगेच सोबती मिळाला, काहींना प्रतीक्षायादीत ठेवले गेले आणि दीड वर्षाने दोन्ही गटांची तुलना झाली. सोबती मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना सुरुवात करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले आणि शाळा बुडवण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. या प्रौढांपैकी बहुतेक जण महिन्यातून किमान तीनदा, दर वेळी काही तास, मुलाला भेटत होते.

इथपर्यंतचे वाचून उत्साहाने कामाला लागावे असे वाटेल. पण पुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. त्याच अभ्यासातील माहितीची जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी पुन्हा छाननी केली व २००२ साली तिचे निष्कर्ष मांडले. ज्यांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली, त्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. सोबत जितकी अल्पकाळाची, तितका लाभ कमी. आणि ज्यांची जोडी तीन महिन्यांच्या आतच मोडली, त्या मुलांचा स्वतःविषयीचा आदर आणि अभ्यासातील आत्मविश्वास पूर्वीपेक्षा खाली गेला. म्हणजे अर्ध्यावर सोडलेली सोबत मुलाला पूर्वीच्या जागीसुद्धा ठेवत नाही. ज्या मुलाने घरी आणि गावात नकार पुष्कळ पाहिलेले असतात, त्याच्या मनात या नकाराची त्यांत भर पडते. 'फोन कर रे केव्हाही' असे सांगून गेलेल्या पाहुण्याने तिसरा फोन उचलला नाही, तर मूल त्याचा दोष पाहुण्याला देत नाही, स्वतःला देते.

कालावधी दीर्घ असला म्हणजे सारे साधते, असेही नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ ते १९४५ या काळात एक मोठा प्रयोग झाला. ५०६ मुलांच्या दोन सारख्या गटांपैकी एका गटाला सरासरी पाच वर्षे समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि उन्हाळी शिबिरे मिळाली. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी या उपक्रमाने आपले भले झाले असे सांगितले. प्रत्यक्ष नोंदी पाहता पुन्हा पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, अकाली मृत्यू अशा अनेक बाबतींत त्यांची स्थिती मदत न मिळालेल्या गटापेक्षा वाईट होती. बाहेरच्या मदतीवर अवलंबून राहण्याची सवय आणि भलत्या उंचावलेल्या अपेक्षा ही संभाव्य कारणे मॅकॉर्ड यांनी सुचवली. स्मरणिकेचे वाचक म्हणून आपण यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. विद्यार्थ्याची कृतज्ञता हा आपल्या कामाच्या यशाचा पुरावा होत नाही. त्याच्या आयुष्यात नेमके काय बदलले, हे निराळे पाहावे लागते.

मग सोबत करावी तरी कशी? डेव्हिड डुबॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५५ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा २००२ साली घेतला. सरासरी परिणाम माफकच निघाला. परंतु जेथे सोबत्यांना काम चालू असतानाही प्रशिक्षण मिळे, किती वेळा भेटायचे हे आधी ठरलेले असे, पालकांना सामील करून घेतले जाई आणि संस्था कामावर लक्ष ठेवी, तेथे परिणाम अधिक चांगला होता. दुसऱ्या एका अभ्यासात ८२ जोड्यांची बारकाईने पाहणी झाली. ज्या प्रौढांनी पहिल्या दिवसापासून मुलाला सुधारण्याचा चंग बांधला, त्यांच्या जोड्या बहुतेक मोडल्या. ज्यांनी आधी मुलाचे ऐकले, त्याच्या कलाने घेतले आणि विश्वास बसल्यावर अभ्यासाकडे वळवले, त्यांच्या बहुतांशी टिकल्या. उपदेश करण्याची हौस आम्हां शिक्षकमंडळींना अंमळ अधिकच असते. म्हणून हा निष्कर्ष शिक्षकांच्या खोलीतही लावून ठेवण्याजोगा आहे.

कामाच्या ठिकाणच्या सोबतीविषयी कॅथी क्रॅम यांचा १९८५ सालचा ग्रंथ पायाभूत मानला जातो. त्यांच्या मते अशा नात्याची दोन अंगे असतात. एक मनाला आधार देण्याचे : स्वीकार, सल्ला, आदर्श, मैत्री. दुसरे वाट मोकळी करण्याचे : योग्य ठिकाणी नाव सुचवणे, ओळख करून देणे, कठीण काम सोपवून कस पाहणे, प्रसंगी पाठीशी उभे राहणे. आपल्या समाजात पहिले अंग पुष्कळ आहे. दुसरे फारच थोडे आहे.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस येथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे स्मरण होते. चर्नी रोडच्या बागेत एकाग्रतेने वाचत बसणारा विद्यार्थी त्यांनी हेरला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला भेट दिले. ही कथा आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. मात्र तिचा उत्तरार्ध आपण घाईने सांगतो. पुढे महाविद्यालयीन शिक्षण पैशाअभावी अडले तेव्हा केळुसकरांनी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यापाशी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. हेरणे, ग्रंथ देणे आणि योग्य दारी शब्द टाकणे, ही तिन्ही कामे एकाच माणसाने काही वर्षांच्या अंतराने केली. सत्काराच्या सभेपाशीच ते थांबले असते, तर शिक्षणाची ती अडचण कोणी दूर केली असती? बाबासाहेबांची प्रज्ञा आणि परिश्रम त्यांचे स्वतःचे होते. तरी वेळेवर टाकलेल्या शब्दाचे मोल त्याने उणे होत नाही.

या शब्दाची गरज आजही संपलेली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना एकसारख्या पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवण्यात आले. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जदाराच्या सुमारे दोन तृतीयांश आढळली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटत असल्याचे दिसले. दुसरीकडे, माणसांना नोकऱ्या कशा मिळतात हे शोधताना मार्क ग्रॅनोव्हेटर यांना १९७०च्या दशकात असे आढळले होते, की निम्म्याहून अधिकांना त्या ओळखीतून मिळाल्या, आणि तीही जवळच्या नातलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून. ज्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जातात, तिला असा परिचित कोठून मिळणार? आपले माजी विद्यार्थी हेच तिचे ते परिचित होत.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. निवासी शाळेचे छत्र दहावीपर्यंत असते. निकाल लागतो, मूल ट्रंक उचलून गावी जाते, आणि ज्या दोन वर्षांत सर्वांत अधिक निर्णय घ्यायचे असतात, नेमक्या त्याच वर्षांत ते एकटे पडते. कोणती शाखा घ्यावी, जातवैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव केव्हा दाखल करावा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज, वसतिगृहाचा प्रवेश, तो न मिळाल्यास स्वाधार योजना, यांपैकी एक कागद चुकला तरी हुशार मुलाचे वर्ष वाया जाते. म्हणून कल्याणमित्राची जोडी दहावीच्या वर्षारंभी, मूल शाळेत असतानाच जुळावी आणि पुढे किमान दोन वर्षे टिकावी, असे आमचे मागणे आहे. निरोपाच्या दिवशी जोडून दिलेले नाते बहुधा त्या दिवशीच संपते.

त्यासाठी पुढील नियम पाळावेत. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी बोलावे. पहिले दोन महिने केवळ ऐकावे. पालकांशी एकदा तरी घरी जाऊन बोलावे. सर्व संपर्क शाळेच्या आणि पालकांच्या माहितीत असावा, त्याची नोंद शाळेने वहीत ठेवावी. मूल अल्पवयीन असते, तेव्हा याबाबत कोणाचाही अपवाद करू नये. उसने पैसे देऊ नयेत. आर्थिक मदत करायची असल्यास ती संस्थेमार्फत व्हावी. आणि सोबत संपवताना शेवटची तारीख मुलाला आधीपासून ठाऊक असावी. अचानक गप्प होणे हा निरोप नव्हे.

काही जण म्हणतील, आम्हांला कोणी हात दिला नव्हता, आम्ही स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलो. त्या हिमतीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु व्यासपीठावर जे पोहोचले तेच आपल्याला दिसतात. तेवढ्याच हिमतीची जी मुले अकरावीत गळाली, त्यांना कोणी भाषणाला बोलावत नाही. काहींना वेळेची अडचण वाटेल. महिन्यातून दोन तासही निघत नसतील तर त्यांनी हे काम घेऊ नये, असे आम्ही आदरपूर्वक सुचवतो, कारण अर्धवट सोबतीने काय होते ते वर आलेच आहे. त्यांनी शाळेला पुस्तके द्यावीत, प्रयोगशाळेला साहित्य द्यावे. तीही मोठीच मदत आहे.

एक भान मात्र प्रत्येकाने ठेवावे. आपल्या समाजाने मेहेरबानीचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले आहे, आणि ते उतरवण्यासाठीच शिक्षणाची वाट धरली आहे. कल्याणमित्राने नवा धनी होऊ नये. मुलीला नर्स व्हायचे असेल आणि आपल्याला ती डॉक्टर व्हावी असे वाटत असेल, तर माहिती सारी द्यावी, निर्णय तिचा राहू द्यावा. दोन वर्षांनी तिला आपली गरज उरली नाही, तर काम नीट झाले असे समजावे.

येत्या जूनपासून दहावीच्या वर्गातील प्रत्येक मुलामागे एक माजी विद्यार्थी उभा राहावा, यासाठी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवावी, अशी विनंती आम्ही शाळेच्या व्यवस्थापनास करतो. ज्यांना दोन वर्षे पुरी देता येतील, त्यांनीच तीत आपले नाव लिहावे. पहिल्या वर्षी दहाच नावे आली, तरी दहा जोड्यांनी आरंभ करावा.