हायड्रोजन नंतर बघू, आधी खरकट्याचे ड्रम मोजा

हायड्रोजनवरचा व्हिडिओ टाकल्यावर पूनम सागरमधला एक मुलगा मला भेटायला आला. वय सव्वीस, हातात एक रंगीत माहितीपत्रक. 'खरकट्यापासून हायड्रोजन इंधन. रोज एक टन कचरा घाला, दीड वर्षात भांडवल वसूल.' आईच्या एफडीतले तीन लाख ॲडव्हान्स म्हणून भरायचे होते, आणि तेही चार दिवसांत, कारण 'शहरात एकच डीलर नेमणार'.

"सर, भरू ना?"

मी नको म्हणालो. का, ते जरा नीट सांगतो, कारण असे फोन मला आता वरचेवर यायला लागलेत.

पहिली गोष्ट, यामागचं विज्ञान खोटं नाही. खरकट्यातला भात, बटाटा, पोळी म्हणजे स्टार्च आणि साखर. हवा बंद केलेल्या टाकीत काही जिवाणू ही साखर आंबवतात आणि त्यात हायड्रोजन सुटतो. आपला गोबर गॅसही असाच सुरू होतो. फक्त तिथे पुढच्या टप्प्यातले, मिथेन करणारे जिवाणू तो हायड्रोजन लगेच खाऊन टाकतात. त्यांना अडवायचं असेल तर विरजण आधी गरम करून घेतात, टाकीतला आंबटपणा साडेपाचच्या आसपासच्या पीएचवर धरतात आणि माल एक-दोन दिवसांतच बाहेर काढतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीबरोबर यावर चांगलं काम केलंय. भात, गहू, मक्याच्या काडापासून पहिल्या टप्प्यात हायड्रोजन आणि दुसऱ्या टप्प्यात मिथेन. म्हणजे मराठी मुलखातच हे संशोधन चाललंय, अभिमान वाटावा असंच आहे.

पण त्यांनी दुसरा टप्पा का ठेवला, हे बघा. धंद्याची सगळी गोम तिथेच आहे.

एक किलो ग्लुकोजमधून या पद्धतीने कागदावर जास्तीत जास्त 45 ग्रॅम हायड्रोजन मिळतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी छान म्हणायचं. आता एक टन ओला कचरा घ्या. त्यात साधारण पाऊण टन नुसतं पाणी. उरलेल्या अडीचशे किलोत आंबण्याजोगी साखर-स्टार्च निम्मी धरली, तर दोन-अडीच किलो हायड्रोजन हाती लागेल. त्याची उष्णता सहा-सात किलो एलपीजी इतकी. तोच एक टन कचरा साध्या बायोगॅसच्या टाकीत घातला तर 80 ते 100 घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे 35 ते 45 किलो एलपीजीचं काम. हॉटेलवाल्याच्या भाषेत, 19 किलोचे दोन कमर्शियल सिलिंडर! हायड्रोजनच्या टप्प्यात बाकीची ऊर्जा जाते कुठे? जात नाही, टाकीतच आम्लांच्या रूपात पडून राहते. म्हणून तर मागून मिथेनची टाकी लावावीच लागते.

बरं, निघालेला गॅस शुद्ध नसतो. त्यात जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड. फ्युएल सेलच्या गाडीला 99.97 टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो, म्हणजे गाळायचं यंत्र आलं, दाब द्यायचा कॉम्प्रेसर आला. दाबाखालचा गॅस सिलिंडरमध्ये साठवायचा तर पेसोची परवानगी आली. आणि हायड्रोजन हवेत 4 पासून 75 टक्क्यांपर्यंत कुठेही पेट घेतो. मिथेनला ही मर्यादा 5 ते 15. पूनम सागरच्या दुकानाच्या गाळ्यात, वर लोक झोपलेले असताना, हा खेळ? नाही रे बाबा.

माझ्या मित्राचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, केंद्राचं हरित हायड्रोजन मिशन आहे, जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी मंजूर झाले, बायोमासपासूनचा हायड्रोजनही 'हरित'च्या व्याख्येत बसतो, मग आत्ताच उडी मारलेली बरी. मिशन खरं आहे. पण हा पैसा मुख्यतः मोठे कारखाने आणि संशोधन यांच्यासाठी आहे, तीन लाखांच्या डीलरशिपसाठी नाही. आणि तंत्रज्ञान उद्या पिकलं तरी त्याला कच्चा माल लागणारच. तो कोणाच्या हातात असेल? ज्याने आज रोज सकाळी स्वच्छ, वेगळा केलेला ओला कचरा गोळा करायची व्यवस्था बसवली, त्याच्या.

मला इथे धंदा दिसतो. 2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर वर्गीकरणाची आणि शक्य तिथे ओला कचरा आवारातच जिरवायची जबाबदारी टाकली. दोनशे फ्लॅटची सोसायटी सहज दीडशे किलो ओला कचरा करते. सेक्रेटरीला विचारा, त्याला ही डोकेदुखी नकोच असते. म्हणजे आपल्या मिरा-भाईंदरमध्ये पैसा गॅस विकून कमी आणि डोकेदुखी उचलायची फी घेऊन जास्त. उत्तनच्या डम्पिंगचा धूर ज्यांनी सोसलाय त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

टाकीसाठीही नवं काही शोधायची गरज नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं डॉ. शरद काळे यांचं 'निसर्गऋण' आहे. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणारा छोटा बायोगॅस केला, त्याला 2006 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. पण तेही लगेच नको. प्लास्टिकचा चमचा, टूथपिक, लिंबाच्या सालींचा ढीग टाकीत गेला की टाकी रुसते, हे आधी शिकावं लागतं.

त्या मुलाला मी सात दिवसांचं काम दिलं. एक वजनकाटा, एक वही, आणि घराजवळची दहा दुकानं: हॉटेल, ज्यूस सेंटर, चायनीजची गाडी, भाजीवाला. रोज रात्री त्यांचे ड्रम मोजायचे आणि प्रत्येकाला एकच विचारायचं, "काका, हे रोज वेळेवर उचललं तर महिन्याला किती द्याल?"

परवा वही घेऊन आला. दहापैकी सहा जण पैसे द्यायला तयार, दोघं फुकटात उचल म्हणतात, एकाने हाकललं. दहावा म्हणाला, आमचं उरलेलं डुकरंवाला नेतो आणि वर मलाच पैसे देतो. एफडी अजून बँकेतच आहे. आता त्याला एक जुना तीनचाकी टेम्पो भाड्याने हवाय, कोणाच्या माहितीत असेल तर कळवा.