‘नीट’चे वर्ष आणि घरातील ज्येष्ठ

घरातील नातवंड वैद्यकीय प्रवेशाची तयारी करू लागले की साऱ्या घराचे वेळापत्रक बदलते. टीव्हीचा आवाज खाली येतो, पाहुण्यांचे येणे लांबणीवर पडते, लग्नकार्याला घरातील एकच माणूस जाऊन येतो. या बदलात सर्वांत निमूटपणे मागे सरकतात ती वडीलधारी माणसे. ‘आम्हाला त्या अभ्यासातले काय कळते? आमची अडचण होऊ नये म्हणजे झाले,’ असे ती म्हणतात.

या अंकात आपल्याशी बोलावयाचे आहे ते याच समजुतीविषयी. अभ्यास शिकविणारे शिक्षक मुलाला बाहेर मिळतात. घरात त्याला दोन गोष्टी हव्या असतात : ठरल्या वेळी चालणारे घर आणि गुणांवर न ठरणारी माया. या दोन्ही गोष्टी देण्यास घरातील ज्येष्ठांइतके योग्य दुसरे कोणी नाही. मात्र त्यासाठी स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करण्याचे काहीच कारण नाही. तसे केल्यास मुलाचेही नुकसान होते.

परीक्षा कशी आहे, हे जाणून घ्या

आपल्या काळी इंटर सायन्सच्या, पुढे बारावीच्या गुणांवर ‘मेडिकल’चा प्रवेश ठरत असे. आता राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा, म्हणजेच ‘नीट’, हाच मार्ग आहे. ही परीक्षा २०१३ मध्ये प्रथम झाली आणि न्यायालयीन चढउतारांनंतर २०१६ पासून पुन्हा सुरू झाली. २०२५ च्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न सोडवावयाचे होते : जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, एकूण गुण ७२०. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एकच मिनिट मिळते. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. पण एक हिशेब मनाशी असू द्यावा. त्या वर्षी देशभरात सुमारे २२ लाख मुले परीक्षेस बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. त्यांतील सुमारे निम्म्याच जागा सरकारी महाविद्यालयांतील. साधारण सतरा-अठरा मुलांमागे एक जागा पडते. मन लावून अभ्यास करणाऱ्या कित्येक मुलांना या गणितामुळेच प्रवेश मिळत नाही. ‘अजून थोडा जोर लावला असता तर’ हे वाक्य ओठांवर येण्यापूर्वी हा हिशेब आठवावा.

झोपेची राखण

‘पहाटे उठून केलेला अभ्यास लक्षात राहतो,’ हा उपदेश आपण सर्वांनी ऐकला आहे आणि पुढे दिलाही आहे. त्याला एक जोड द्यावी लागेल. किशोरवयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच थोडे पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. याउलट उतारवयात झोप लवकर येते आणि लवकर उडते. म्हणून रात्री साडेदहाला नातवंड ताजेतवाने दिसले किंवा सकाळी सातला उठवेना झाले, तर तो आळस समजू नये.

चौदा ते सतरा वर्षे वयाला आठ ते दहा तास आणि त्यापुढील तरुणांना सात ते नऊ तास झोप हवी, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे मेंदूचे काम झोपेत चालते. रात्री एक वाजेपर्यंत जागून पुन्हा चारला उठलेल्या मुलाचे वाचन होते, पण त्यातले टिकते थोडे. तेव्हा पहाटे उठावयाचे असेल तर रात्री लवकर निजावे लागेल, आणि ते जमत नसेल तर पहाटेचा आग्रह सोडावा. ठरल्या वेळी घरातील दिवे मंद करणे, रात्री दहानंतर चहा न करणे आणि मोबाइल फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे ही कामे ज्येष्ठांनी सहज अंगावर घ्यावीत. आपलाही फोन त्याच जागी ठेवला तर मुलाला तो नियम जाचक वाटत नाही.

दुसरी गोष्ट दुपारची. ही परीक्षा दुपारी दोन ते पाच या वेळेत होत आली आहे. जेवणानंतर डोळे जड होण्याची हीच वेळ. ज्या मुलाला रोज दुपारी झोपण्याची सवय लागली आहे, त्याला परीक्षेत त्याच वेळी जांभया येतात. म्हणून शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आठवड्यातून एक-दोनदा तरी सरावाची प्रश्नपत्रिका याच वेळेत सोडविली जावी. आपली वामकुक्षी आणि त्याचा सराव एकाच वेळी चालू द्यावा. घर आपोआप शांत राहते आणि कोणाचीच गैरसोय होत नाही.

ताटाविषयी थोडेसे

या वर्षात कोणत्याही ‘बुद्धिवर्धक’ औषधाची किंवा महागड्या भुकटीची आवश्यकता नाही. पोळी-भाकरी, भात-वरण, पालेभाजी, मोडाची उसळ, दही आणि एखादे फळ एवढे पुरेसे आहे. मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असते. सतत थकवा, धाप, चेहऱ्यावर फिकटपणा दिसल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. उसळीवर लिंबू पिळल्याने लोह चांगले शोषले जाते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते कमी शोषले जाते. दिवसातील एक जेवण तरी पुस्तकांच्या टेबलावर न होता सर्वांसोबत व्हावे आणि त्या वेळी गुणांचा विषय निघू नये.

संध्याकाळी अर्धा तास आपल्यासोबत फिरावयास येण्याची गळ मुलाला घालावी. आपल्या सांध्यांना आणि त्याच्या डोळ्यांना व पाठीला त्याची सारखीच गरज असते.

आपले दुखणे लपवू नका

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. ‘बाळाची परीक्षा होऊ दे, मग दाखवू,’ असे म्हणून छातीतील दुखणे, वाढलेली साखर, पायावरची जखम अंगावर काढणारी ज्येष्ठ मंडळी थोडी नाहीत. त्यामागे प्रेमच असते. पण मे महिन्यापर्यंत थांबणे प्रत्येक आजाराला मान्य नसते.

छातीवर दाब येणे, घाम सुटून अस्वस्थ वाटणे, अचानक धाप लागणे, चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच क्षणी घरच्यांना उठवावे. परीक्षा उद्या असली तरी उठवावे. पक्षाघातात मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी रुग्णालयात तपासणी व्हावी लागते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

नियमित तपासण्या आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलावयाच्या असतील, तर तो निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही आठवडे थांबू शकेल. मधुमेह्याच्या पायाची जखम थांबणार नाही. आपण दुखणे लपविले आणि ऐन परीक्षेच्या आठवड्यात ते बळावले, तर ‘माझ्यामुळे आजी बोलली नाही’ हा सल त्या मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहतो.

घरात अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल, तर शुश्रूषा करणाऱ्यांनी परीक्षेच्या दिवसाची व्यवस्था आधीच लावावी. केंद्र दुसऱ्या शहरात येऊ शकते आणि ते काही दिवस आधीच कळते. आईवडील दोघेही मुलासोबत जाणार असतील, तर घरी कोण थांबणार, दुपारची औषधे कोण देणार, हे कागदावर लिहून ठेवावे. शेवटच्या महिन्यांत रात्रीच्या जागरणाची पाळी मुलावर टाकू नये.

पण त्याला सेवेतून पूर्णपणे वगळूही नये. आजोबांचा रक्तदाब मोजून वहीत नोंदविणे, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून देणे ही दहा मिनिटांची कामे आहेत. पुढे ज्याला आयुष्यभर रुग्णांजवळ बसावयाचे आहे, त्याला ती ओझे वाटत नाहीत. आणि वाटत असतील, तर तेही आत्ताच कळलेले बरे.

जुनी ट्रंक उघडा

ज्येष्ठांवाचून अडते असे एक काम आहे, ते कागदपत्रांचे. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. राज्यातील प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र लागते. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता लागते, तर आवश्यक त्या प्रवर्गांना नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही लागते. जातवैधतेच्या कामी वडिलांकडील वाडवडिलांचे जुने पुरावे मागितले जातात. महाराष्ट्रात त्यासाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा, पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकातील नोंद हे पिवळे पडलेले कागद आज नातवंडाच्या कामाचे आहेत. ते कोठे आहेत, कोणत्या गावच्या शाळेत आपले नाव घातले होते, आडनाव तेव्हा कसे लिहिले जाई, हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. या पडताळणीस महिने लागू शकतात. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच ट्रंक उघडावी, आणि कुटुंबात कोणाला आधी वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रतही मागून ठेवावी.

स्वप्न कोणाचे?

‘आमच्या घरात एक तरी डॉक्टर हवा,’ हे आपण कौतुकाने म्हणतो. दहाव्यांदा ऐकताना मुलाला ते कर्जासारखे वाटू लागते. ही इच्छा त्याची आहे का, हे एकदा निवांतपणे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे, त्यावर लगेच काही बोलू नये.

आपल्या स्वतःच्या आजारपणाची आठवणही त्याला सांगावी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्याला पुन्हा पावले टाकावयास शिकविले ते फिजिओथेरपिस्टने. रात्री तीन वाजता सलाइन बदलले ते परिचारिकेने. कानाचे यंत्र जुळवून दिले ते श्रवणतज्ज्ञाने. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या समाजाला या सर्वांची मोठी गरज आहे, आणि दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, परिचर्या यांचे मार्गही खुले असतात. ज्येष्ठांच्या तोंडून या कामांविषयी आदराने निघालेला शब्द मुलाला मोकळे करतो.

पुन्हा एक वर्ष द्यावे का, हा प्रश्न आला तर तीन गोष्टी पाहाव्यात. इच्छा मुलाची स्वतःची आहे का? पहिल्या वेळी नेमके काय कमी पडले, हे त्याला सांगता येते का? त्याची झोप, भूक आणि मित्र शाबूत आहेत का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी प्रकृती, मग परीक्षा.

ही चिन्हे ओळखा

दिवसभर घरात असणाऱ्या ज्येष्ठांना जे दिसते, ते कामावर जाणाऱ्या आईवडिलांना दिसत नाही. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवणाखाणाला कंटाळले, रात्र रात्र जागू लागले, सर्वांशी बोलणे टाळू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलावयास वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, आईवडिलांना त्याच दिवशी सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक फोनजवळ लिहून ठेवावा. तेथे मराठीतूनही बोलता येते.

निकाल लागल्यावर नातेवाइकांचे फोन आधी आपल्यालाच येतात. त्यांना काय सांगावयाचे हे मुलाला विचारून ठरवावे. ‘निकाल लागला, पुढचे ठरले की कळवू,’ एवढे पुरते. त्यानंतर प्रवेशाच्या फेऱ्या काही आठवडे चालतात आणि त्या काळात सारे घर पुन्हा ताणाखाली असते. तेव्हाही जेवणाची वेळ, फिरण्याची वेळ आणि दिवे मालविण्याची वेळ आपण तशीच चालू ठेवावी.