उमेदवारीची वर्षे

दिवाळीच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी नमस्कारास आला होता. संगणकाच्या क्षेत्रात त्याने बरे नाव काढले आहे. पण त्या दिवशी चेहरा उतरलेला होता. "सर, दोन वर्षं झाली. आमच्या कामात कुणी खोट काढत नाही, तरी आम्हांला अजून उमेदवारच ठेवलंय!" सरकारी नोकरीत उभी हयात गेल्यामुळे, कायम होण्याची वाट पाहणाऱ्याचे दुःख आम्हांस नवे नाही. आम्ही फराळाची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि सारे प्रकरण मुळापासून सांगावयास लावले. त्याने जे सांगितले ते वाचकांसही कळावे, म्हणून हा प्रपंच.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, सुधारता आणि दुसऱ्यास देता येतो, त्यास मुक्तस्रोत म्हणतात. असे काम कोणीही, कोठेही सुरू करू शकतो. मग या मोकळ्या रानात 'अधिकृत' कोणास म्हणावयाचे, आणि ते ठरवावयाचे कोणी?

याचे एक जुने उत्तर अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने दिले आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एका केंद्राने इंटरनेटवरील पाने वाचकाकडे पोचवणारे एक सॉफ्टवेअर तयार केले होते. त्याची देखभाल मंदावली, तेव्हा ते वापरणारी मंडळी आपापल्या दुरुस्त्या एकमेकांस पाठवू लागली. १९९५ साली त्यातून अपाची सर्व्हर जन्मास आला, आणि १९९९ साली संस्था रीतसर नोंदली गेली. पुढे बाहेरची कामे पदरात घेण्याचे प्रसंग वाढले, तेव्हा २००२ साली संस्थेने 'इन्क्युबेटर', म्हणजे उबवणीघर, उघडले. तेथील उमेदवारास 'पॉडलिंग' म्हणतात.

प्रवेशाची रीत अशी. प्रथम लेखी प्रस्ताव. त्यास संस्थेतील एक जाणता पुरस्कर्ता हवा आणि हाताशी धरणारे मार्गदर्शक हवेत. प्रस्तावावर उघड चर्चा होते, मग मतदान. होकारास अधिक एक, नकारास उणे एक, तटस्थास शून्य. मतदान किमान ७२ तास खुले ठेवावयाचे, कारण मतदार पृथ्वीभर विखुरलेले. एकाकडे पहाट होते तेव्हा दुसऱ्याकडे दिवेलागण झालेली असते, आणि बहुतेकांना पोटाचा उद्योग निराळाच असतो.

आम्हांस विशेष भावली ती उणे मताची शिस्त. मूळ मजकुरातील बदलास तेथे एकटा माणूसही अडवू शकतो. मात्र त्याने तांत्रिक कारण दिले पाहिजे. कारणावाचून केलेला नकार ग्राह्य धरीत नाहीत. आमच्याकडील किती सभांत हा नियम हवा होता!

आत गेल्यावर खरी उमेदवारी सुरू होते. मजकुरावरील हक्कांचे कागद पुरे करावयाचे, नाव दुसऱ्या कोणाचे नाही याची खातरजमा करावयाची, ठरावीक मुदतीने अहवाल द्यावयाचे. नवी आवृत्ती काढावयाची तर किमान तीन अधिकृत होकार हवेत, आणि आपण अद्याप उबवणीघरात आहोत हे तिच्यावर स्पष्ट लिहावे लागते. निर्णय सर्वांना वाचता येईल अशा लेखी चर्चेत व्हावयाचे. चहाच्या टेबलावर चौघांनी काही ठरवले, तर ते ठरलेच नाही असे समजतात. शेवटी उमेदवार मंडळी, उबवणीघराची समिती आणि संस्थेचे नऊ जणांचे संचालक मंडळ, या तिघांच्या संमतीनंतर प्रकल्प स्वतंत्र होतो.

पण पारख कशाची होते? केवळ कामाच्या हुशारीची नव्हे. मूळ करणारे उद्या निघून गेले तर हे काम चालवणारी माणसे उभी राहिली आहेत काय, हा तेथील प्रश्न. फेसबुक कंपनीत जन्मलेले कॅसँड्रा हे माहिती साठवण्याचे सॉफ्टवेअर २००९ साली उबवणीघरात आले. बाहेरची माणसे त्यात रमली, आणि २०१० सालीच ते स्वतंत्र झाले. उलट गूगलसारख्या बलाढ्य कंपनीने २००९ साली वाजतगाजत पुढे आणलेले 'वेव्ह' पाहा. कंपनीने हात आखडता घेतल्यावर २०१० च्या अखेरीस ते येथे आले. सात वर्षे उबवूनही पुरेशी माणसे भोवती जमली नाहीत, आणि २०१८ साली ते निवृत्त करण्यात आले. मोठ्या घरचे म्हणून सवलत मिळाली नाही.

आम्ही विद्यार्थ्यास विचारले, "तुमच्या मंडळीत तुमच्या कंपनीबाहेरचे किती?"

"एक होता, सर. हल्ली तोही येत नाही."

"आणि कंपनीने उद्या तुम्हां सर्वांना दुसऱ्या कामास जुंपले तर?"

तो बोलला नाही. खरे सांगावयाचे तर पुढे आम्हांसही बोलवेना.

वीस वर्षांपूर्वी आम्ही येथील मंडळात दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग चालवीत असू. घरी मराठी, शाळेत हिंदी, अशा मुलांना बाराखडीपासून शिकवावयाचे. तीसेक मुले येत. फळा आम्हीच पुसत असू, हजेरी आम्हीच घेत असू. खोलीची किल्ली आमच्याच खिशात असे. दोन पालक भगिनी मागे बसून ऐकत. "आम्ही एखादा तास घेऊ का?" असे त्यांनी विचारलेही. "पुढच्या वर्षी पाहू," असे आम्ही म्हणालो. पुढच्या वर्षी आमची बदली झाली आणि तीन महिन्यांत वर्ग मोडला. समाजास मातृभाषेची चाड उरली नाही, असे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो. वर्गास आमच्यावाचून चालता येऊ नये, याची तजवीज मात्र आम्हीच केली होती.

विद्यार्थ्याचे परवा पत्र आले. नव्या सोयी जोडणे त्यांनी तूर्त थांबवले आहे. नवख्यांना काम समजेल अशी टिपणे ते लिहीत आहेत. उबवणीघरातून सुटका कधी होईल, हे त्यासही ठाऊक नाही.

आम्ही त्या दोन भगिनींकडे जाऊन आलो. आता त्यांना नातवंडे आहेत. येत्या रविवारपासून मंडळात वर्ग पुन्हा सुरू होत आहे. खोलीच्या तीन किल्ल्या करून घेतल्या आहेत. त्यांपैकी एकही आमच्याकडे नाही.