एका व्हॉल्व्हपायी डायलिसिस बंद!

मंडळी, आपल्या नांदेड-लातूर पट्ट्यातल्या एका दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी बघितली. काय बिघडलं? 'कंपनीचा माणूस येणारे.' अहो, पण कशासाठी? टेक्निशियन हळूच म्हणाला, व्हॉल्व्ह.

लाखोंचं मशीन, अन् अडलं मुठीत मावणाऱ्या व्हॉल्व्हपायी!

द्रावणाचं तापमान किंवा क्षार बिघडले की ते रुग्णाच्या फिल्टरकडं न जाऊ देता ड्रेनला सोडायचं काम बायपास व्हॉल्व्हचं. बायकार्बोनेटनं आत चुना धरतो, रबर झिजतं, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. मग नेमका कोणता गळतोय ते शोधून त्याच पार्ट नंबरचा बसवावा लागतो. मापाला बसतो म्हणून दुसरा ठोकायला ही काय शेतातली मोटार आहे?

२०१६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये राष्ट्रीय डायलिसिस योजना जाहीर झाली, मशीनच्या काही सुट्या भागांवरची कस्टम ड्युटीही माफ झाली. त्याच वर्षी मिरजेचं पाणी रेल्वेनं लातूरला आलं. पाणी आणता येतं, व्हॉल्व्ह नाही?

आठवड्यातनं तीनदा येणाऱ्याची एक पाळी हुकली की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं. हृदय बंद पडू शकतं. तो बिचारा चिठ्ठी वाचून खासगीत जातो, उसनवारी करून.

चिठ्ठीवर लिहा ना: कोणता भाग गेला, कधी मागवला, कधी येणार. नेहमी लागणारे व्हॉल्व्ह जिल्ह्यातच ठेवा. दुरुस्ती लांबली तर कंत्राटदाराला दंड लावा. फीत कापायला आलेल्या पुढाऱ्यांपैकी पुढच्या नियोजन समितीच्या बैठकीत हे कोण मांडणार? नाव कमेंटमध्ये सांगा, मी फोन लावतो.