एटीएमची फुकट सेवा कोणाला?

१९८७ साली एचएसबीसीने मुंबईत देशातले पहिले एटीएम बसवले. यंत्र जात विचारत नाही, हे खरे; पण ऐपत जरूर विचारते! मोफत मर्यादा संपली की दर वेळी २३ रुपयांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा १ मे २०२५ पासून बँकांना आहे. दहा हजार काढणाऱ्याला ते पाव टक्काही पडत नाही. अँटॉप हिलच्या वस्तीत गरजेपुरते पाचशे काढणाऱ्या सफाई कामगाराला साडेचार टक्क्यांहून जास्त पडते. रुपयाची किंमत घसरली की मजूर भरडला जातो, हे बाबासाहेबांनी १९२३ सालीच 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त मांडले. पैशाची व्यवस्था कधीच तटस्थ नसते. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : छोट्या रकमेवरचे शुल्क रद्द करा. मित्रांनो, वस्तीतली पासबुके तपासा, कापलेल्या पैशांचा हिशेब मांडा, बँकेला लेखी जाब विचारा. जय भीम!